कुसुमताईनं कोर्टात तुमचं नाव घेतलं, सर

सर,

तुम्हाला हातगाडीवरून दवाखान्यात आणलं तेव्हा अपघात विभागात ड्यूटीवर कुसुमताईच होती. तुम्हाला ते कळलं की नाही, मला माहीत नाही. तुमचा डावा डोळा सुजून बंद झाला होता आणि उजवा उघडा असूनही कुणाकडे बघत नव्हता. तिनं आधी तुम्हाला ओळखलंच नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या पदरावरचं रक्त बघितलं, मग गाडीवरच्या माणसाकडे बघितलं आणि "सर?" असं हळूच विचारलं. मग कात्री घेऊन तुमचा सदरा कापायला लागली. ती रडली नाही. मी नंतर विचारलं, कशी गं रडली नाहीस? म्हणाली, "त्यायनंच तं काढून टाकलं ना वं माझं रडू."

ते तिनं कौतुकानं म्हटलं की तक्रारीनं, हे मला अजून ठरवता येत नाही.

तुम्ही कुठं जन्मलात, कसे शिकलात, किती जणांना मार्गी लावलंत, हे सगळं परवा शोकसभेत सांगून झालं. वस्तीतल्या विहारात जागा पुरली नाही. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला लिहिता येतं की नाही हेही नक्की नाही. मला फक्त तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं एक भांडण अर्धं राहिलं, आणि तुम्ही "उद्या बोलू" म्हणून गेलात.

गांधीबागेच्या बाजारात, कापडाच्या गोदामावरच्या खोलीत, बांधलेल्या गाठींवर बसून आम्ही इंग्रजी शिकलो, असं मैत्रिणींना सांगितलं की त्या हसतात. तुम्ही कोर्टात लघुलेखक. दिवसभर साक्षी उतरवून घ्यायच्या आणि संध्याकाळी नोकरी करणाऱ्यांचा वर्ग घ्यायचा. ज्यांना इंग्रजी वाचता येतं, अर्ज लिहिता येतो, पण साहेबानं इंग्रजीत आवाज चढवला की ज्यांची दातखीळ बसते, अशांचाच तो वर्ग होता. पुस्तक नव्हतं. नव्या माणसाला तुम्ही नाव विचारायच्या आधी विचारायचात, "मार कुठं बसला?"

मी नोकरीवाली नव्हते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. कुसुमताई आमची शेजारीण. तिच्या मागं लागून आले होते. तुम्ही मलाही तेच विचारलंत. मी म्हणाले, मला कुठं नाही बसला. तुम्ही म्हणालात, "मग घरी जा." मी जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

गिरणीत बाबांचा हात मशीनमध्ये सापडला, तेव्हा मी त्यांच्याबरोबर गिरणीच्या डॉक्टरकडे गेले होते. डॉक्टर कंपाउंडरला इंग्रजीत म्हणाला, हे लोक सुट्टीसाठी मुद्दाम हात घालतात. मला समजलं. मी इंग्रजीतच उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिसऱ्या शब्दाला अडकले. डॉक्टर हसला. बाबाही हसले. मला वाटलं, बाबांना वाटलं असेल, डॉक्टर चांगला माणूस आहे, आपल्या पोरीशी हसून बोलतो.

मी हे तुम्हाला सांगितलं. तुम्ही गाठीवर थोडं सरकून मला जागा करून दिलीत.

तुम्ही प्रत्येकाचा धडा त्याच्या मापानं कापायचात. नाकाडेभाऊ वीज खात्यात ओव्हरसियर. त्यांचा साहेब माणसांवर कसा ओरडतो ते ऐकायला तुम्ही रजा टाकून सबस्टेशनच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर बसलात. अन्सारीभाई औषध कंपनीचे. त्यांना डॉक्टर कसे हाकलतात ते बघायला तुम्ही खोटा खोकला घेऊन पेशंटांच्या रांगेत बसलात. कुसुमताईसाठी बोटाला पट्टी बांधून अपघात विभागाच्या बाकावर. मग वर्गात यायचं आणि तोच साहेब व्हायचं, तोच डॉक्टर व्हायचं. तेच शब्द, तोच आवाज. तुम्ही याला "हल्ला" म्हणायचात. ज्याची पाळी असेल त्यानं खोलीच्या मधोमध उभं राहायचं. खाली बघायचं नाही. "सॉरी" म्हणायचं नाही. तुम्ही कापड मोजायचा लोखंडी गज टेबलावर आपटत त्याच्याभोवती फिरायचात आणि त्याला इंग्रजीत फाडून काढायचात, आणि तो बोलत नाही तोवर थांबायचा नाहीत.

नाकाडेभाऊंचा एक दिवस मी विसरणार नाही. तुम्ही त्यांचा साहेब झाला होता. जळालेल्या ट्रान्सफॉर्मरवरून सुरू केलंत, मग त्यांच्या अकलेवर आलात, मग त्यांच्या गावावर. ढोरं वळणारी माणसं वीज काय सांभाळणार, असं काहीतरी म्हणालात. नाकाडेभाऊंनी दोन्ही हातांनी तुम्हाला ढकललं. तुम्ही गाठींवरून उलटे पडलात. चष्मा लांब उडाला.  आणि तुम्ही पडल्या जागेवरून ओरडलात, "हात नको! हेच तोंडानं कर!"

नाकाडेभाऊंनी दोन्ही हात मागं बांधले. मग बोलले. चुकत बोलले, पण थांबले नाहीत. साहेबानं तीनदा मागणी करूनही ट्रान्सफॉर्मरचं तेल दिलं नाही, हे त्यांनी असं सांगितलं की मला साहेबाची कीव आली.

मग घाम पुसत म्हणाले, "सर, तुम्ही मले शिकवून राहिले का मारून राहिले, काही समजत नाही जी."

"मारतो आहे," तुम्ही म्हणालात. "मार फीमध्येच धरला आहे. चष्मा शोधा माझा."

खालून गरम तळलेले आलूबोंडे यायचे. ज्याला त्या दिवशी मार, त्याला पहिला आलूबोंडा. नाकाडेभाऊंनी त्या दिवशी तो अर्धा मोडून तुमच्या हातावर ठेवला.

माझ्यावर तुम्ही हल्ला केला नाहीत. दोनदा विचारलंत, तयार? मी दोन्ही वेळा मान हलवली. मला त्या गजाची भीती वाटायची. टेबलावर तो आपटला की मी डोळे मिटायचे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला ते दिसत असावं, कारण तिसऱ्यांदा तुम्ही विचारलं नाहीत.

मग कुसुमताईला कोर्टाचं बोलावणं आलं.

नरखेडकडची एक पोरगी, संत्र्याच्या बागावाल्यांची लेक, लग्नाला वर्ष झालं नव्हतं. सासरचं कापडाचं दुकान आपल्या गोदामापासून चार गल्ल्यांवर. तिला जळालेली आणली तेव्हा डॉक्टर दुसऱ्या माणसाजवळ होते आणि जबानी घ्यायला मॅजिस्ट्रेटला बोलवायला माणूस गेला होता. मॅजिस्ट्रेट येईपर्यंत ती गेली. जायच्या आधी ती जे बोलली ते एकट्या कुसुमताईच्या कानांनी ऐकलं. नवरा तुरुंगात होता, दीर जामिनावर सुटला होता, आणि सगळा खटला त्या दोन कानांवर उभा होता.

कुसुमताई वर्गात आली आणि म्हणाली, "सर, मले तिथं मार बसणार आहे."

तुम्ही तिला जी पहिली गोष्ट सांगितलीत ती मला शब्दाशब्दानं आठवते. "तू काय ऐकलंस ते मी विचारणार नाही. ते तुझं आहे. या खोलीत ते उच्चारायचं नाही, माझ्यापाशी नाही, कुणापाशीच नाही. मी फक्त तुला उभं राहायला शिकवणार."

सर, ही गोष्ट मी कोर्टात सांगणार आहे. हीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

पण तुम्ही तिला जसं उभं राहायला शिकवलंत, ते मला बघवत नव्हतं. तुम्ही वकील झालात. आयुष्यभर ज्या वकिलांचं बोलणं उतरवून घेतलं त्या सगळ्यांना तुम्ही अंगात आणलंत. आधी दवाखान्याचे कागद, औषधांची नावं, वेळा. मग तिची रात्रपाळी. त्या रात्री वॉर्डात कोण कोण पुरुष होते. घरी कोण सोडतो. मग तुम्ही आवाज एकदम मऊ केलात आणि इंग्रजीत विचारलंत, सिस्टर, तुमच्या नवऱ्यानं तुम्हाला का टाकलं?

कुसुमताईच्या नवऱ्यानं तिला का टाकलं हे आमच्या सगळ्या गल्लीला माहीत होतं आणि कुणी कधी तिच्यासमोर काढलं नव्हतं. ती मट्‌कन खाली बसली. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तुम्ही गज आपटलात. "उठ! उत्तर दे!" ती उठेना. तुम्ही पुन्हा आपटलात.

मी कधी उठले मला कळलं नाही. मी तुमच्या हातातून तो गज हिसकला आणि जिन्यावरून खाली फेकला. तो पायऱ्यांवर वाजत वाजत गेला. खालून एक हमाल ओरडला, "अरे, कोण मरून राहिलं वर?"

"सर, पुरे," मी म्हणाले.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "कोर्टात तू उठणार आहेस का?"

वर्ग सुटल्यावर आपण चितारओळीतून चालत निघालो. कुसुमताई पुढं, नाकाडेभाऊंबरोबर. दोन्ही बाजूंना कारागीर मूर्तींवर हात फिरवत बसले होते. मी तुम्हाला म्हणाले, जे खरं सांगतात त्यांना एवढं का लढावं लागावं? तिनं ऐकलं ते तिनं सांगावं. रडत सांगितलं म्हणून ते खोटं होतं का?

तुम्ही म्हणालात, "मी तिथं रोज बसतो, बाळ. खरं बोलणारी माणसं माझ्या पेन्सिलीखाली मरतात. दोन प्रश्नांत. तिसऱ्या प्रश्नाला ती म्हणतात, आता आठवत नाही जी. आणि मी तेच लिहितो. आठवत नाही. मेलेली बाई पुन्हा एकदा मरते."

मी म्हणाले, "पण इतकं घडवलेलं खरं खोट्यासारखं दिसतं, सर. तिला बघून कुणालाही वाटेल, हिला कुणीतरी पढवलं आहे."

तुम्ही थांबलात. एका मूर्तीवाल्यानं तुम्हाला वाट द्यायला टोपली सरकवली. "यावर उद्या बोलू," तुम्ही म्हणालात.

दुसऱ्या दिवशी आपण बोललो नाही. दुसऱ्या दिवशी कुसुमताई स्वतःच उभी राहिली आणि म्हणाली, "विचारा." तुम्ही तोच प्रश्न विचारलात. ती म्हणाली, त्यानं मला टाकलं नाही, मी त्याला टाकलं, पुढं? इंग्रजीत म्हणाली. तुम्ही टेबलाला टेकून उभे राहिलात. तुमच्या हातात तेव्हा गज नव्हता. एका हमालानं तो वर आणून ठेवला होता, पण त्या दिवशी तुम्ही घेतला नाही.

साक्षीच्या दिवशी माझा पेपर होता, म्हणून मी कोर्टात नव्हते. पण कुसुमताईनं आणि नाकाडेभाऊंनी इतक्यांदा सांगितलं आहे की मला सगळं समोर दिसतं. आरोपींच्या वकिलानं आधी मराठीत विचारलं. मग ती डगमगत नाही असं बघून एकदम इंग्रजीत सुरू केलं, दवाखान्याचे कागद नाचवत. तिनं इंग्रजीत उत्तरं दिली. न्यायाधीश साहेबांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं, असं नाकाडेभाऊ सांगतात. शेवटी तिनं मराठीत, त्या पोरीच्याच बोलीत, तिचे शब्द सांगितले: दिरानं हात धरले, नवऱ्यानं काडी लावली. मी ते शब्द त्या दोघांच्या सांगण्यातूनच पहिल्यांदा ऐकले. वर्गात कुणीच ऐकले नव्हते.

मग वकिलानं तिची रात्रपाळी काढली. मग नवरा काढला. ती म्हणाली, तुमच्याआधीच मला हे विचारून झालं आहे.

लोक हसले. वकीलही हसला. आणि त्यानं विचारलं, "अस्सं? कोणी विचारलं? सिस्टर, एवढं चांगलं उत्तर द्यायला कोणी शिकवलं तुम्हाला?"

ती सांगते, मी मान वर करून तुमचं पूर्ण नाव घेतलं. वर्ग कुठं भरतो तेही सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं. तिला अभिमान वाटत होता, सर. आपल्या माणसांतच अशी चूक होते. शिकवणाऱ्याचं नाव घ्यायला मिळालं की आपल्याला दुसरं काही दिसत नाही. वकील न्यायाधीशांकडे वळून म्हणाला, साक्षीदार पढवलेली आहे, हे तिनं स्वतःच सांगितलं.

त्या संध्याकाळी ती धावत जिना चढून आली. "सर, मी तुमचं नाव घेतलं! भर कोर्टात!"

तुम्ही तिच्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "नीट घेतलंस ना? ते लोक नेहमी चुकीचं लिहितात." सगळे हसलो. ती आलूबोंडे आणायला खाली गेली तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. "तू म्हणालीस तसंच झालं. पण ती मोडली नाही."

"मोडली नाही," मी म्हणाले, "पण—"

"पण उद्या," तुम्ही म्हणालात. सरकारी वकील तुम्हाला पुढच्या तारखेला बोलावणार होते. वर्गात भाषा शिकवली, साक्ष नाही, एवढंच तुम्ही सांगायचं होतं.

त्याच आठवड्यात मी एकदा वर्गाच्या वेळेआधी आले. मला तो "पण" पूर्ण करायचा होता. गल्लीत दिवे नुकतेच लागले होते. तुम्ही टेबल पुसत होता. मी एक गाठ सरकवून बसले, आणि जिन्यावर पावलं वाजली. मला वाटलं अन्सारीभाई.

तिघे होते. पुढचा तरुण, टेरिकॉटचा शर्ट, बारीक मिशी. मागच्या दोघांपैकी एकाच्या हातात लोखंडी पाइप होता.

"मास्तर कोन?" पुढच्यानं विचारलं. खोलीत तुमच्याशिवाय कुणी पुरुष नव्हता.

"मी."

"कोर्टात जायचं आहे म्हने तुमाले. जा. पन एक लाईन बोलाची. तिले मीच पढवलं. बस. घरी या, जेवा, झोपा."

तुम्ही चष्मा काढलात, सदऱ्यानं पुसलात, पुन्हा लावलात. आम्ही इतके महिने तुमच्यापाशी शिकलो, तुम्ही आमच्याशी नेहमी शुद्ध बोलायचात. त्या दिवशी मी पहिल्यांदा तुमच्या तोंडून आपली बोली ऐकली.

"तू धाकटा ना गा? जामिनावर सुटलेला?"

त्याचा चेहरा बदलला.

"काहून आला? पोरीचे हात धरले, तेवढ्यानं भागलं नाही काय तुयं?"

पाइप मागच्याच्या हातातून त्यानंच घेतला. पहिला घाव तुमच्या खांद्यावर बसला, आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मला त्याआधी माहीत नव्हतं की हाड मोडल्याचा आवाज खोलीत इतका साधा येतो. वाळकं लाकूड मोडल्यासारखा. तुम्ही टेबलावर पडलात. "पढवलं म्हण!" तुम्ही म्हणालात, "नाही." दुसरा पाठीवर. "म्हण!" "नाही पढवलं." मी त्याच्या पायाला मिठी मारली. त्यानं लाथेनं मला झटकलं. मी पुन्हा धरला. तेव्हा तो वळला आणि पाइप माझ्या मनगटावर बसला. त्यानं वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं. इतक्या जवळून की मला त्याच्या श्वासातल्या पानाचा वास आला. मग पुन्हा तुमच्याकडे वळला. शेवटचे घाव डोक्यावर होते. त्या वेळी तुम्ही काही बोलत नव्हता, पण तो विचारत होता. उत्तर देणारा गप्प झाला तरी तो विचारतच होता.

मी ओरडले. खालून हमाल धावत वर आले आणि ते तिघे त्यांना ढकलून पळाले. तुम्ही जमिनीवर होता. तुमचं डोकं मांडीवर घ्यावं की हलवू नये, हेही मला कळलं नाही. मी फक्त "सर, सर" म्हणत होते. तुमचे ओठ हलले. मी कान लावला. शब्द निघाला नाही.

त्यानंतर तुम्ही शुद्धीवर आला नाहीत. कुसुमताई तिची ड्यूटी संपली तरी घरी जायची नाही. तुमच्या कानाशी बसून बोलायची. एकदा मी बघितलं, ती तुम्हाला रागावत होती. "उठा नं आता. तुमचं तं सगळं दुसऱ्याईलेच उठ म्हनायचं." तुमचा श्वास थांबला तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात होते. तिनं बाहेर येऊन माझं मनगट हातात घेतलं, माझं प्लास्टर नीट आहे का बघितलं, आणि मग सांगितलं.

स्मशानात त्रिशरण झालं. नाकाडेभाऊंना ते येत नव्हतं. सगळे म्हणत होते आणि ते नुसते हात जोडून ओठ हलवत होते, आमच्या तोंडाकडे बघून बघून. अन्सारीभाई भिंतीपाशी उभे होते. मी म्हणत होते, पण मला तुमचा राग येत होता. फार राग. एक वाक्य बोलायचं होतं, सर. एक खोटं वाक्य. मग कोर्टात जाऊन खरं सांगता आलं असतं. तुम्हीच शिकवलंत ना, की साहेबासमोर काय बोलायचं ते वेळ बघून बोलावं? मग तुम्ही त्या खोलीत वेळ का बघितली नाही? ते ऐकायला मी एकटीच होते. मी कुणाला सांगितलं नसतं.

हे मला तुम्हाला विचारायचं आहे. आणि हेही, की मी सांगितलं नसतं, तरी मी तुम्हाला पुन्हा "सर" म्हणू शकले असते का.

आता पोलीस म्हणतात, त्याला ओळखणारी मी एकटीच. जिन्यातल्या अंधारात हमालांनी नुसती पाठ बघितली. कुसुमताई तिथं नव्हती. पुन्हा एक खटला दोन डोळ्यांवर उभा आहे. नाकाडेभाऊ घरी आले आणि म्हणाले, "वर्ग पुन्हा सुरू करू. मी वकील होतो. तुले पक्की करून टाकतो."  मी नको म्हणाले. मी तशीच जाणार आहे, कच्ची. अडकेन. रडेनही. मला वकील विचारेल, याच मास्तरांच्या वर्गात जात होतीस ना? मी हो म्हणणार. तुमचं नाव घेणार. पढवलं का? नाही. माझ्यावर त्यांनी एकदाही हल्ला केला नाही, हे खरंच आहे. सर, मी बरोबर करते आहे की नाही मला ठाऊक नाही. कदाचित तिसऱ्या प्रश्नाला मीही म्हणेन, आठवत नाही जी. तसं झालं तर तुम्ही जिंकलात. मला तुमच्याशी हरायचं नाही म्हणून मी जाते आहे, असंही असेल.

काल ओळख परेड होती, तुरुंगात. सकाळी आईनं दार अडवलं. "तुले काय करायचं आहे वं? परीक्षा दे, नोकरी पाहा. पोरीच्या जातीनं जेलात जाऊन मानसाईले हात लावाचे काय? उद्या कोन करल तुह्यासंग लगन?"

बाबा कोपऱ्यात बसून चहा पीत होते, चांगल्या हातानं. म्हणाले, "जाऊ दे तिले."

"तुमी गप बसा. तुमाले काय समजते?"

"समजते," बाबा म्हणाले. "तो डॉक्टर हसला ना त्या दिवशी, मले तेही समजलं होतं. पोरीसमोर काय रडू? म्हनून हसलो." त्यांनी कप खाली ठेवला आणि चपला घातल्या. "चाल. मी येतो फाटकापर्यंत."

बाबा रस्ताभर माझ्या पुढं चालले. फाटकापाशी ते झाडाखाली बसले आणि मी आत गेले.

आत पोलीस नव्हते. टेबलाशी दंडाधिकारी साहेब आणि दोन पंच. भिंतीला लागून माणसांची रांग, सगळे एकाच वयाचे, एकाच बांध्याचे. साहेब मला म्हणाले, "मुली, हात लावायची गरज नाही. लांबून बोट दाखवलंस तरी चालतं." ते चांगल्या मनानं म्हणाले.

मी रांगेच्या सुरुवातीपासून चालत गेले.  मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यानं मिशी काढली होती. शर्टही साधा, कुणाचातरी मागून घातलेला. मी त्याच्यासमोरून पुढं गेले, दोन माणसं ओलांडली, आणि परत फिरले. तो समोर भिंतीकडे बघत होता. मी त्याच्या इतक्या जवळ गेले की त्याला माझ्याकडे बघावं लागलं. तेव्हा खात्री झाली.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तुमचा मोडला होता, त्याच बाजूचा खांदा. गरम होता, आणि शर्टाखाली घामानं ओला. त्याचं हाड माझ्या बोटांखाली लागलं. साहेबांनी विचारलं, "हाच का?" मी म्हणाले, हाच. "यानं काय केलं?" मी सांगितलं. मराठीत, अडखळत, सगळं सांगितलं. पंच लिहून घेत होते. बोलता बोलता माझी बोटं आवळत गेली. त्या वेळी मला त्याला मारावंसं वाटत होतं, सर. ओळखायला आलेल्या माणसाला जे वाटू नये, तेच वाटत होतं. त्याच्या गळ्यापासून माझा हात चार बोटं लांब होता.

"झालं," साहेब म्हणाले. "हात काढ."

मी काढला नाही.

"मुली," ते उठून उभे राहिले, "हात काढ आता."

तेव्हा काढला.